आडवं आलेलं पोट्टं

मोटारींच्या शर्यती बघणारी म्हातारी आमच्या अख्ख्या गल्लीत मी एकटीच. नातू कंटाळून उठून जातो. सून म्हणते, ‘आई, गोल गोल तर फिरतात, त्यात काय बघता?’ मी टीव्हीचा आवाज वाढवते. पण पूर्वी बघण्यासारखं पुष्कळ होतं आणि आता कमी झालंय, हे मीही मान्य करते. आता गाडीवर इतक्या जाहिराती असतात की तिचा मूळ रंग शोधावा लागतो. चालवणाऱ्याच्या कानात सारखं कुणीतरी बोलत असतं. आता हळू घे, आता टायर जप, आता मागच्याला पुढे जाऊ दे. आणि तो जाऊ देतो! परवा असंच झालं. सगळ्यांच्या पुढे असलेला, जिवाची बाजी लावून गाडी हाकणारा जवान पोरगा, कानात एक वाक्य आलं आणि बाजूला झाला. मागचा त्याच्याच कंपनीचा होता. तो पहिला आला, दोघांनी मिठ्या मारल्या, आणि टीव्हीवरचा माणूस म्हणाला, काय शहाणपणाचा निर्णय! मी हातातली बशी आपटली. शहाणपणाचा म्हणे! इतकी वर्षं शर्यती बघते आहे, तरी या एका गोष्टीचा धक्का मला दर वेळी नव्यानं बसतो. पहिल्यांदा बसला तेव्हा मी मॅट्रिकला होते, आणि तो देणारा माझा सख्खा मामा होता.

नागपुरातलं तेव्हाचं प्रताप नगर म्हणजे थोडी घरं आणि पुष्कळ रिकामे प्लॉट. प्लॉटांवर बाभळी, बाभळींखाली शेळ्या. आमचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओसरी. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि सायकलीपेक्षा वेगानं जाणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा भरवसा नव्हता. मधुमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. काटोलकडच्या गावाहून आयटीआय शिकायला आला तो आमच्याकडे उतरला, आणि पुढे हिंगण्याच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला तरी ‘दुसरी खोली बघ’ असं त्याला कुणी म्हटलं नाही. तोही बघत नव्हता. ओसरीवर त्याची खाट, खाटेखाली त्याची अवजारं, आणि खाटेला टेकून त्याची जुनी, सेकंडहँड घेतलेली मोटरसायकल. पाळीवरून घरी आला की तो हातपाय धुवायच्या आधी तिला पुसायचा.

आमच्या घरात दोन पराती होत्या. एक कणकेची, दुसरी रॉकेलमध्ये मोटरसायकलचे भाग धुवायची. मामा घाईत असला की त्यांची अदलाबदल व्हायची, आणि मग आईचा आवाज धरमपेठेपर्यंत जायचा. ‘मधू, आजही माह्या परातीत नटबोल्ट टाकले का गा तू? तुह्या पोयीले पेट्रोलचा वास येऊन राहिला, तो काय मी दिला?’ मामा हसायचा आणि तीच पोळी दोन घासांत संपवायचा. रविवारी सकाळी तो इंजिन उघडायचा, दुपारी बसवायचा, आणि संध्याकाळी मला मागे बसवून खामल्याच्या रस्त्यावर एक फेरी मारायचा. त्या वेळी त्याचं लक्ष माझ्या बोलण्याकडे नसायचं. मान जराशी वाकडी करून तो आवाज ऐकायचा. मीही ऐकायला शिकले. कुठला आवाज सुखाचा आणि कुठला दुखण्याचा, हे मला बीजगणितापेक्षा लवकर समजलं. दुपारच्या पाळीवरून तो परतताना आई वळणावरच्या आवाजानं ओळखायची आणि तव्याखालचा जाळ वाढवायची.

हिंगण्याच्या नाक्यापलीकडे एक मोठं मोकळं मैदान होतं. हिवाळ्यात तिथे मोटरसायकलींच्या शर्यती व्हायच्या. मातीचा गोल रस्ता, कडेला चुन्याची फक्की, वळणांवर कुटाराची म्हणजे भुशाची पोती रचलेली. कर्ण्यावर एक माणूस हिंदीत इतक्या जोरानं बोलायचा की गाड्यांचा आवाज ऐकायला कान टवकारावे लागत. कारखान्यातली माणसं यायची, आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या यायच्या, बाया पदरात तुरीच्या शेंगा घेऊन बसायच्या. मी पहिल्या शर्यतीला मामाच्या हट्टानं गेले आणि दुसरीला माझ्या. धुळीतून गाड्या बाहेर पडायच्या तेव्हा मी टाचा उंचावून उभी राहायचे, आणि का ते मला अजून कुणाला समजावता आलेलं नाही. तिथे कुणी कुणाच्या कानात बोलत नव्हतं. जो पुढे तो पुढे, आणि जो पोत्यात घुसला तो पोत्यात.

मामा जिंकायला लागला. एकदा जिंकला, पुन्हा जिंकला, मग लोक त्याला मैदानावर नावानं हाका मारू लागले. आणि एक दिवस इंजिनाचं तेल विकणाऱ्या एका कंपनीचा मॅनेजर आमच्या ओसरीवर येऊन बसला. बुटांसकट बसला, हे आईनं त्याला कधी माफ केलं नाही. कंपनीची स्वतःची टीम होती. गाडी त्यांची, तेल त्यांचं, गावोगावच्या शर्यतींचा खर्च त्यांचा, आणि महिन्याला पगार. मामानं फक्त चालवायचं. मात्र हिंगण्याची नोकरी सोडावी लागणार होती. नागपूरची, म्हणजे हिंगण्याच्या मैदानावरची शर्यत झाली की राजीनामा द्यायचा आणि टीमबरोबर निघायचं, असं ठरत होतं. त्या शर्यतीपुरती गाडी, पिवळं झगझगीत जर्किन आणि तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट त्यांनी आधीच देऊन ठेवलं. मामानं ते घालून आरशात बघितलं तेव्हा त्याचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते डोळे इतके आनंदात होते की बाबासुद्धा हसले.

अडचण एकच होती. आबा. आबा म्हणजे आईचे आणि मामाचे वडील. संत्र्यांची बाग होती त्यांची, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख बागेमुळे नव्हती, पटामुळे होती. आमच्याकडे बैलजोड्यांच्या शर्यतीला पट म्हणतात, आणि जोडी हाकणाऱ्याला धुरकरी. आबा जवानीत नामांकित धुरकरी होते. पक्की नोकरी सोडून गाडी पळवायची, याला त्यांची परवानगी हवी होती, आणि मामा त्यांच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. आबांनी निरोप पाठवला, ‘आधी पाह्यतो. मंग सांगतो.’

शर्यतीच्या सकाळी ते पहिल्या एसटीनं आले. खांद्यावर दुपट्टा, एका पिशवीत संत्री, दुसरीत तुरीच्या शेंगा. चहासुद्धा न घेता ते अंगणात उभ्या असलेल्या कंपनीच्या गाडीकडे गेले. तिच्याभोवती फिरले, टाकीवर हात ठेवला, वाकून पोटाखाली बघितलं.

‘दात नाही दिसत याले,’ ते गंभीरपणे म्हणाले. ‘वय कसं समजावं?’

‘नवी हाये, आबा,’ मामा म्हणाला.

‘नवी म्हणजे आडमुठी असन. तुले ओयखते का?’

मामा लाजून हसला. आईनं डाळीचे गोळे घालून गोळाभात केला होता, वर गरम तेलाची फोडणी, पण मामा ताट तसंच ठेवून गाडीची चेन तपासायला गेला. आबांनी मात्र दोनदा मागून घेतला.

मैदानावर इतकी गर्दी मी कधी बघितली नव्हती. आम्हाला ताडपत्रीच्या मांडवात जागा मिळाली, शेवटच्या वळणाच्या जवळ. मामाचाच जोडीदार, त्याच कंपनीचा, पुण्याहून आलेला एक गोरा, हसरा रायडर होता. तोही पिवळ्या जर्किनमध्ये. गाड्या सुटल्या तेव्हा आबा दचकून मागे सरकले आणि माझा हात धरला. पहिल्या फेरीत ते धुळीला शिव्या देत होते. पण पुढच्या फेऱ्यांमध्ये मामा एकेकाला मागे टाकत पुढे निघाला, वळणावर पाय जमिनीला घासत गाडी आडवी घातली, आणि आबा मला हलवत उठून उभेच राहिले. ‘पाह्य वं शोभे, पाह्य! कासरा कसा धरला त्यानं! वयणावर ताण, सरयेवर सैल. कोणं शिकवलं याले?’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. विचारलं असतं तर धूळ गेली म्हणाले असते.

शेवटची फेरी सुरू झाली. मामा पुढे, दुसरा पुण्याचा, तोही बराच मागे. कंपनीचा मॅनेजर रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला आणि त्यानं एक काळी पाटी वर धरली. खडूनं तिच्यावर एक आकडा आणि एक बाण. किती फेऱ्या राहिल्या ते दाखवत असेल, असं मला वाटलं. मामानं त्या बाजूला मान वळवली, आणि आमच्यासमोरच्या वळणावर, मोकळ्या रस्त्यावर, त्याच्या गाडीचा आवाज पडला. मी उठून उभी राहिले. इंजिन बिघडलेलं नव्हतं. बिघडलेल्या गाडीचा आवाज मला ठाऊक होता. हा आवाज निरोगी होता, नुसता दाबून धरलेला. मामा कडेला सरकला, मागे बघितलं, आणि थांबून राहिला म्हणावं इतका हळू झाला. पुण्याचा त्याच्या शेजारून निघून गेला आणि पहिला आला.

मैदान गप्प झालं. कर्ण्यावरचा माणूससुद्धा गप्प झाला.  आणि त्या शांततेत आबांचा आवाज निघाला, खणखणीत.

‘पोट्टं आडवं आलं! कोणाचं तरी पोट्टं आडवं आलं असन!’

यात आबांची काही चूक नव्हती. पटात सुटलेली जोडी आवरत नाहीत. हरत असली तरी आवरत नाहीत, जिंकत असली तर प्रश्नच नाही. आवरायची ती फक्त समोर कुणी आडवं आलं तर, आणि जो आवरतो तो जिंकणाऱ्यापेक्षा मोठा. त्याला गाव दुपट्टा बांधतं. आबांना आयुष्यात एवढं एकच कारण ठाऊक होतं, आणि मैदानात बसलेल्या निम्म्या लोकांनाही तेच ठाऊक होतं. जिंकणारा माणूस जाणूनबुजून हरतो, ही कल्पनाच तिथे कुणाजवळ नव्हती. मग पोट्टं आलंच असणार. शेजारच्या बाईनं मागच्या बाईला सांगितलं. मागचीनं ‘हो, लाल सदरा होता त्याचा’ असं सांगितलं. आम्ही मैदानाच्या फाटकाशी पोचेपर्यंत कर्ण्यावरचा माणूस, बहुधा गप्प बसल्याची भरपाई म्हणून, ओरडत होता, ‘जीत छोड़ दी, बच्चे की जान बचाई!’ मी ती बाजू सतत बघत होते, मला काही दिसलं नव्हतं. पण एवढे लोक सांगतात म्हटल्यावर मलाच वाटू लागलं की लाल काहीतरी हललं होतं खरं.

आमच्याआधी बातमी प्रताप नगरात पोचली होती. ओसरीवर माणसं जमलेली, कुणी झेंडूचा हार आणलेला, कुणी नारळ. आईनं कढईभर शिरा केला. बाबांनी, सायकलवाल्या बाबांनी, येणाऱ्या प्रत्येकाला वळण कसं होतं ते हातांनी दाखवायला सुरुवात केली. दुपार उतरल्यावर मामा आला. गाडी अंगणात लावली, हेल्मेट काढलं, आणि लोकांनी हार घातला तरी त्याचा चेहरा हलला नाही. थकलाय, सगळे म्हणाले. त्याला पाणी द्या, शिरा द्या. तो खाटेच्या कडेला बसून राहिला. लोक पांगल्यावर आबा उठले. खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, आणि मामाच्या डोक्याला बांधायला दोन्ही हातांत धरला.

‘तुह्या या कंपनीच्या नोकरीले मी नाही म्हणणार होतो,’ ते म्हणाले. ‘आता नाही म्हणत. जा तू. जो असा थांबते, त्याले कुठीही पाठवलं तं चालते.’

मामा झटक्यात मागे सरकला.

‘आबा, पोट्टं नव्हतं.’

‘म्हणजे?’

‘कोणीच आडवं आलं नाही. सायबानं पाटी दाखवली. पुण्याच्याले पुढे जाऊ दे म्हणे.’

‘काहून?’

‘त्याचे गुण जास्त हायेत. साऱ्या गावांच्या शर्यती मिळून त्याले पहिला आणायचा हाये कंपनीले. मी टीमचा हावो ना आता. टीम म्हणन तसं.’

आबांच्या हातात दुपट्टा तसाच ताणलेला राहिला. मला वाटलं ते ओरडतील. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात झारा. आबांना खरोखर समजत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

‘तुही गाडी पुढे होती.’

‘होती.’

‘दमली नव्हती?’

‘नाही.’

‘अन् तू कासरा ओढला. पळत्या जोडीचा.’

मामानं मान हलवली. आबा खाली बसले, भिंतीला टेकून, आणि दुपट्टा त्यांच्या मांडीवर पडला. ‘असं असते का बाप्पा?’ ते आईला विचारत होते. ‘असंही असते का?’ आईला काय ठाऊक!  मला राग यायला पाहिजे होता, पण राग नंतर आला. तेव्हा फक्त एवढंच वाटत होतं की मी जे बघत होते, ओरडत होते, टाचा उंचावून उभी राहत होते, ते कुणीतरी आधीच कचेरीत बसून ठरवून टाकलं होतं. आज हे सगळं टीव्हीवर उघड सांगतात, त्याला चांगलं नाव देतात, आणि लोक मान डोलावतात. मला डोलावता येत नाही. ज्याला पहिलं यायचंय त्याला पहिलं न येण्याचा पगार घ्यायला लावणं, यात मला कधी शहाणपण दिसलं नाही.

दिवेलागणीला फाटक वाजलं. जयताळ्याकडची एक बाई होती, नऊवारी नेसलेली, घामाघूम, कडेवर पोरगं आणि हातात पेढ्यांचा पुडा. पोरग्याचा सदरा लाल नव्हता, मळका पांढरा होता. तिनं ओसरीवर चढून पोरग्याला सरळ मामाच्या पायावर घातलं. शर्यत चालू असताना तिचं पोरगं गर्दीत हातातून सुटलं होतं. ती वेड्यासारखी शोधत होती, आणि शर्यत संपल्यावर ते रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला रडत बसलेलं सापडलं. पलीकडे गेलं म्हणजे रस्ता ओलांडूनच गेलं, हा तिचा हिशेब होता, आणि कर्ण्यावर तर तिनं स्वतः ऐकलं होतं.

‘भाऊ, एकुलतं एक हाये माह्यं,’ ती रडत म्हणाली. ‘तुम्ही नसते थांबले तं मी आज कुठी गेली असती!’

मामा पांढराफटक पडला. त्यानं पोरग्याला उचलून तिच्या कडेवर दिलं. ‘बाई, म्या नाही वाचवलं याले. मले हा दिसलाच नाही.’

‘मंग तुम्ही थांबले काहून?’ तिनं विचारलं. विचारताना ती हसत होती, मामा मोठेपणा नको म्हणतोय असं समजून.

 मामा जे आबांना बोलला ते या बाईला बोलणं त्याला जमेना. तिचं हसू हळूहळू ओसरू लागलं. तिनं आमच्याकडे बघितलं, मग भिंतीशी बसलेल्या आबांकडे.

‘होतं,’ आबा म्हणाले.

आम्ही सगळे वळलो. 

‘पोट्टं होतं, माय. म्या माह्या डोयानं पाह्यलं. हेच होतं. घरी ने आता, मीठमोहऱ्या ओवाय.’

बाईनं आबांच्याही पाया पडून पुडा ओसरीवर ठेवला आणि पोरग्याचे मुके घेत ती निघून गेली. माझा कानांवर विश्वास बसेना. पटातल्या एका वीतभर अंतरावरून भावकीशी आयुष्यभराचं बोलणं तोडलेला माणूस होता तो. शर्यतीच्या बाबतीत त्यांनी खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ते बाईकडे बघत राहिले, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

‘आबा,’ मामाचा आवाज फुटला, ‘तुम्ही खोटं काहून बोलले?’

‘लाज वाटली मले खोटं बोलायची,’ आबा म्हणाले. ‘पण तिले खरं सांगायची त्याहून जास्त वाटली.’

त्यांनी पुड्यातला एक पेढा काढला आणि मामाच्या हातावर ठेवला. ‘खा,’ ते म्हणाले. ‘तुह्या नावानं आणला तिनं.’

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर मामाला सोसलं असतं. त्यानं आबांकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि पेढा तोंडात घातला. उभ्यानंच खाल्ला. गोड खाताना माणूस इतकं रडू शकतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आई पुढे आली, पण आबांनी हातानं तिला थांबवलं. मामानं शेवटचा घास गिळला, पिवळ्या जर्किनच्या बाहीनं तोंड पुसलं, मग ते जर्किन काढून अंगणातल्या गाडीच्या सीटवर नेऊन ठेवलं.

‘ताई,’ तो आत येत म्हणाला, ‘उद्या कारखान्यात पहिली पाळी हाये माही. डबा बांधून देशील?’